आठ घरांचा काठ

नागपूरहून आणलेला डिस्प्ले मी पिशवीतून बाहेर काढला, तेव्हा मोठ्या आईने आधी त्याला हळदीकुंकू लावलं. घरात नवी वस्तू आली की तिचा हात आपोआप करंड्याकडे जातो. हिरव्या पाटीवर बसवलेला काचेचा एक लांबट तुकडा आणि त्याच्या वरच्या कडेला ओळीने सोळा भोकं, एवढाच तो जीव. त्यातल्या दोन भोकांत कुंकू गेलं. मी ते टाचणीने कोरून काढायला लागले, तर मोठी आई माझ्याकडे अशी बघत राहिली की मी देवाचं कपाळच पुसते आहे.

"हे कायचं होय वं?" तिने विचारलं.

"याच्यावर अक्षरं उमटतात. कॉम्प्युटरमधून."

"तुया कॉम्प्युटरले एवढा मोठा टीव्ही हाये ना. त्याच्यावर नाई उमटत का?"

"तो टीव्ही बैठकीत आहे. हे मागावर लावायचं आहे. मोठ्या बाबांसाठी."

तिने करंडा बंद केला आणि आत गेली. पण जाता जाता डिस्प्लेला नमस्कार करून गेली, हे मी पाहिलं.

मोठे बाबा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ आणि मोठी आई ही त्यांची बायको. आम्ही मोहाडीच्या बाजूला राहायचो, कोसा, म्हणजे टसर रेशीम, विणणाऱ्यांच्या गावात. मोठे बाबा हातमागावर विणायचे आणि बाबा विकायचे. गोंदिया वेगळा जिल्हा होऊन तेव्हा काही वर्षं झाली होती, आणि तिकडचे गिऱ्हाईक आले की 'दुसऱ्या जिल्ह्याचे पाहुणे' म्हणून मोठी आई त्यांच्या चहात साखर जास्त घालायची. मी रोज एसटीने भंडाऱ्याला जाऊन इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करत होते. म्हणजे घरात कशाचाही फ्यूज उडाला की माझ्या नावाने हाक यायची, आणि तो पुन्हा उडाला की माझ्या कॉलेजच्या नावाने.

मोठ्या बाबांचे कान गेले होते. एकदम नाही, हळूहळू. आधी पाखरं गेली, मग फोनची घंटा, मग माणसं. डॉक्टरांनी दिलेलं कानाचं यंत्र त्यांनी थोडे दिवस लावलं आणि मग तांदळाच्या डब्यात टाकून दिलं, कारण त्यातून माणसांपेक्षा मागच जास्त ऐकू यायचा. कान गेले त्याचं मला एवढं वाईट वाटलं नसतं. वाईट याचं वाटायचं की त्यांनी बोलणंही सोडलं होतं.

आणि हा माणूस कसा बोलायचा! मी लहान असताना मागाखाली पाय सोडायच्या खड्ड्यात त्यांच्या पायांशी जाऊन बसायची. कोशाच्या कापडाची सुलट बाजू विणताना खाली असते, वर दिसते ती उलट. काठ नीट उतरतोय की नाही हे बघायला ते खड्ड्यात एक गोल आरसा ठेवत आणि मधून मधून कापडाखाली धरत. मी त्या आरशात तोंड वेंगाडून दाखवायची. मग ते वरून ओरडायचे, "अरे, आज काठावर माकड कसं काय उतरलं! कोनी काढलं हे डिझाइन?" येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाला त्यांनी एकेक टोपणनाव दिलेलं होतं. पोस्टमनलाही दिलं होतं, आणि पोस्टमन त्या नावाला ओ देत असे.

मग ते लग्न झालं. कुणाचं ते जाऊ द्या. पंगतीत बसल्या बसल्या ते माझ्या बाबांच्या कानाला लागले आणि आपल्या मते अगदी हळूच म्हणाले, "मठ्ठ्यात पानी टाकलं का पान्यात मठ्ठा?" ते हळूच अख्ख्या मांडवाने ऐकलं. वधूपित्याने ऐकलं. मठ्ठा वाढणाऱ्याने जागच्या जागी बादली खाली ठेवली. सगळा मांडव हसत सुटला आणि मोठे बाबा सगळ्यांच्या तोंडांकडे बघत विचारत राहिले, "काय झालं? काहून हासून राहिले?" घरी आल्यावर बाबांनी पाटीवर लिहून त्यांना सांगितलं. त्यांनी वाचलं, पाटी पुसली आणि त्या दिवसापासून तोंडाला कुलूप लावलं. हो आणि नाही, तेही मानेने.

पाटीवर लिहिता येत होतं, नाही असं नाही. पण पाटीवर घर फक्त कामाचं लिहायचं. जेवायला या. गिऱ्हाईक आला. गोळी घेतली का. आणि मागावर बसल्यावर त्यांचे दोन्ही हात आणि दोन्ही पाय गुंतलेले असत, पाटी दिसायला तर आधी त्यांनी मान वर करायला हवी. म्हणून आम्ही ताना हलवायचो. ताना म्हणजे मागावर उभे ताणलेले धागे. धाग्यांना टोकाकडून झटका दिला की मोठ्या बाबांच्या हाताला कळे. पण कधी कधी धागा तुटायचा, आणि मग त्यांचे डोळे असे व्हायचे की चहा नको पण ते डोळे आवरा.

मला ते परत हवे होते. आरशात माकड शोधणारे, मठ्ठ्याला नावं ठेवणारे मोठे बाबा. कॉलेजात सरांनी एका तासाला असाच डिस्प्ले कॉम्प्युटरच्या प्रिंटरच्या खोबणीला जोडून दाखवला, आणि माझ्या डोक्यात एकदम लखलखाट झाला. मागाच्या समोरच्या खांबावर हा डिस्प्ले बसवायचा. बैठकीतून कोणीही काहीही टाइप करायचं. काचेमागचा हिरवा दिवा लुकलुकला की त्यांनी नुसती नजर उचलायची, आडवा धागा नेणारा धोटा हातातून सोडायचीही गरज नाही. मग मी त्यांना दिवसभर फालतू गोष्टी सांगेन. पोस्टमन पडला. म्हैस माजघरात शिरली. फालतू गोष्टींना उत्तर द्यावंच लागतं, अशी माझी खात्री होती.

कॉम्प्युटर होता बाबांचा. बिलं करायला घेतलेला, आणि बिलं अजून हातानेच होत. तो बैठकीत कोशाच्या तुकड्याखाली झाकून बसलेला असे. त्याचा प्रिंटर कधीच मेला होता, पण त्याची केबल जिवंत होती. ती मी बाबांना न विचारता कापली. बाबांनी कापलेली केबल बघितली आणि दारातच खाली बसले.

"हे काय करून राहिली तू?"

"प्रिंटर मेला आहे ना, बाबा."

"म्हनून त्याची शेपटी कापली का?"

त्या शेपटीच्या आत रंगीत तारांचा गुच्छ निघाला. कॉलेजात दहा मिनिटांत झालेलं काम घरी तीन दुपारी चाललं, कारण दुपारी लाइट जायचा आणि जाताना माझा तापलेला सोल्डरिंग आयर्नही थंड करून जायचा. आठ तारा अक्षरांच्या, दोन तारा हुकमाच्या, बाकीच्या नुसत्या अर्थिंगला. मोठे बाबा शेजारच्या खोलीतल्या मागावरून, उघड्या दारातून तिरक्या नजरेने बघत होते. एकदा त्यांनी जवळ येऊन सगळ्या तारा सरळ ओढून, रंगाप्रमाणे लावून, शेजारी शेजारी पसरून ठेवल्या. देखणा ताना झाला. फक्त मी कोणती तार कोणत्या भोकातली हे गाठ मारून लक्षात ठेवलं होतं, आणि त्या सगळ्या गाठी त्यांनी सोडवून टाकल्या होत्या. तान्यात गाठ त्यांच्याने बघवत नसे. मी केस उपटायचे तेवढे बाकी ठेवले. मग हसायलाच यायला लागलं आणि मी पहिल्यापासून सुरुवात केली.

शेवटी करंट दिला तर काहीच नाही. हिरवी काच, कोरी. मी कपाळ धरून बसले. मग आठवलं, अक्षरांचा काळेपणा कमीजास्त करायला एक छोटा खुंटा असतो, तो फिरवायचा राहिला होता. फिरवला, आणि वरच्या ओळीत काळ्याकुट्ट चौकोनांची रांग उभी राहिली!

मी किंचाळले. मोठी आई हातातली पळी घेऊनच धावत आली.

"इटा दिसून राहिल्या मले तं," ती म्हणाली. "अक्षरं कुठी हाये?"

"विटा दिसल्या म्हणजे जिवंत आहे! आता नुसतं त्याला जागं करायचं!"

कॉलेजातून आणलेला प्रोग्राम मी चालवला. विटा पुसल्या गेल्या आणि तिथे इंग्रजीत HELLO उमटलं. मी बैठकीतून मागाच्या खोलीत, तिथून अंगणात, अंगणातून परत बैठकीत अशा फेऱ्या मारल्या. मोठ्या बाबांना हाताला धरून आणलं. त्यांनी काचेकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, मान हलवली आणि परत जाऊन मागावर बसले.

त्यांना इंग्रजी येत नव्हतं. येत नव्हतं, हे मला लहानपणापासून माहीत होतं! तारा जोडण्याच्या नादात माझ्या लक्षातच राहिलं नव्हतं. आणि त्या काचेला मराठी येत नव्हतं. तिच्या पोटात इंग्रजी अक्षरं कारखान्यातूनच भरून आलेली, आपली बाराखडी कुठली असायला?

मी तोंड पाडून माहितीपत्रक वाचत बसले, आणि शेवटच्या पानांवर मला घबाड सापडलं. आठ घरं रिकामी होती. त्यांत आपल्याला हवा तो आकार भरता येत होता. एकेक घर पाच ठिपके रुंद आणि आठ ठिपके उंच. आठ घरं एका ओळीत ठेवली की आपल्या मनासारखी एक छोटीशी पट्टी तयार. घराघरांच्या मध्ये बारीक फट राहणार, डोक्यावरची रेघ तुटक दिसणार, पण मराठी ते मराठी.

त्या संध्याकाळी घरात सभा भरली. पहिला शब्द कोणता द्यायचा? मोठी आई म्हणाली, "जेवा." बाबा म्हणाले, "गिऱ्हाईक." ते घरांत बसेना. मग बाबा म्हणाले, "मंग 'या' लिव. जेवाले बी या अन् गिऱ्हाइकाकडे बी या." शेवटी माझ्या मनाप्रमाणे 'चहा' ठरला, कारण मोठ्या बाबांना चहा म्हणजे जीव की प्राण, आणि चहासाठीच ताना सगळ्यात जास्त वेळा हलवला जाई.

चौकोनी कागदावर घरं रंगवून अक्षर काढायचं होतं. आता आमच्या घरात हे काम कुणाचं? मागावरच्या प्रत्येक काठाचा नकाशा मोठे बाबा आधी तशाच चौकोनी कागदावर घरं भरून काढायचे. मी कागदावर पट्टी आखली, पाटीवर लिहिलं, 'या आठ घरांत चहा काढून द्या. तुमच्या काचेसाठी.' त्यांनी कागद घेतला. बराच वेळ माझ्याकडे पाहिलं. मग पेन्सिलीला टोक काढलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कागद माझ्या चपलांवर ठेवलेला होता. मला एसटी गाठायची होती, मी गाठली नाही. कागद घेऊन सरळ कॉम्प्युटरपुढे बसले. घर भरलेलं असेल तर एक, रिकामं असेल तर शून्य, असं ओळीओळीने भरत सुटले. ते काय काढलंय हे नीट पाहायचं मला सुचलंच नाही. एवढ्याशा घरांत अक्षरं अक्षरांसारखी दिसत नव्हतीच, भुंगे बसावेत तशी दिसत होती. चहाला तीन घरं पुरली असती, इथे आठही घरं वापरलेली होती. पण काठ विणणारा माणूस जागा रिकामी कशी सोडेल? सवयीने वेलबुट्टी काढली असेल, असं समजून मी पुढे गेले.

लाइट जायच्या आत दाखवायचं म्हणून मी सगळ्यांना गोळा केलं. डिस्प्ले मागासमोरच्या खांबावर सुतळीने बांधला. मोठे बाबा मागावर बसलेले, पाय खड्ड्यात. बाबा दारात. मोठी आई चुलीवर खरोखरचा चहा ठेवून आलेली, म्हणजे शब्दापाठोपाठ माल पोचावा. मी बैठकीत जाऊन बटण दाबलं आणि पळत आले.

दिवा लुकलुकला. मोठ्या बाबांनी नजर उचलली. काचेवर आठ घरं भरली होती, आणि त्यातलं एकही अक्षर कोणाला वाचता येईना.

"हे उर्दू होय का वं?" मोठी आई म्हणाली.

"तार उलटी लागली असन," बाबा म्हणाले.

मी काचेजवळ जाऊन पाहिलं. तार उलटी असती तर प्रत्येक घरात कचरा दिसला असता. इथे ठिपके अगदी स्वच्छ होते, रेघा सरळ होत्या, कडेला एक इवलीशी बुट्टीसुद्धा होती. फक्त सगळं अनोळखी होतं. मी धावत जाऊन कागद आणला आणि काचेशेजारी धरला. हुबेहूब तेच. म्हणजे चूक माझी नव्हती, काचेची नव्हती, तारांची नव्हती. मी कागदाकडे, काचेकडे आणि मोठ्या बाबांकडे आळीपाळीने बघत राहिले.

तेही काचेकडेच बघत होते. कपाळावर आठ्या. मग त्यांच्या लक्षात आलं. आधी खांदे हलले, मग पोट हललं, मग माग हलायला लागला. ते हसत होते. आवाज नव्हता, पण डोळ्यांतून पाणी आलं. त्यांनी खड्ड्यात हात घातला, गोल आरसा वर काढला, सदऱ्याला पुसला आणि काचेसमोर तिरका धरला. आमच्याकडे तोंड करून. स्वतःकडे नाही.

त्यांनी ते उलटं काढलं होतं. जन्मभर काठाचे नकाशे असेच काढले होते, कारण विणताना सुलट बाजू खाली असते. हात सवयीने चालला. काचेला खालची बाजू नसते हे त्यांच्या ध्यानातच आलं नाही.

आम्ही तिघं आरशात वाकलो. डोकी एकमेकांवर आपटली. आरशात तुटक रेघेची, फटीफटींची, पण स्वच्छ मराठी अक्षरं उभी होती.

बोलत जा.

चहा नव्हताच. कोणी हसलं नाही. मोठ्या आईच्या हातातला पदर तोंडाकडे गेला. मला वाटत होतं मी त्यांच्यासाठी खिडकी उघडते आहे. आणि त्यांनी त्या खिडकीतून पहिली हाक आम्हालाच मारली होती. रडू असं आलं की मी खांबाला धरून उभी राहिले.

आणि मग, एवढ्या काळानंतर, मागावरून आवाज आला. जाड, गंजलेला, आणि खोलीला पुरून शेजारी जाईल एवढा मोठा.

"चहा झाला हे तं मले वासानं समजते. त्याले मशीन कायले लागते?"

बाबा दारात होते ते तिथेच खाली बसले, प्रिंटरच्या शेपटीच्या वेळी बसले होते तसेच. मी हसायला लागले आणि रडायचं थांबेना, त्यामुळे तोंडातून जे काही निघालं ते मला सांगता येत नाही. मोठ्या आईने मात्र आज्ञा शब्दशः घेतली. ती मागाजवळ गेली, कंबर कसली आणि नवऱ्याच्या तोंडासमोर तोंड नेऊन, माहेरी दिघोरीच्या बांधावरून पलीकडच्या बांधाला हाक मारावी त्या आवाजात ओरडली, "काय बोलू जी?"

शेजारच्या अंगणातली कोंबडी उडाली. भिंतीपलीकडून कोणीतरी विचारलं, "काय झालं वं?" रस्त्यावरचा एक सायकलवाला थांबून खिडकीतून बघायला लागला.

मोठ्या बाबांना त्यातलं काही ऐकू आलं नव्हतं. पण बायकोच्या गळ्याच्या फुगलेल्या शिरा त्यांना दिसत होत्या, खिडकीतला सायकलवाला दिसत होता, आणि आम्ही सगळे आता हसत सुटलेले दिसत होतो. त्या लग्नात दिसली होती तशीच सगळी तोंडं. मी तोंडावर हात ठेवला. वाटलं, गेलं, परत कुलूप लागणार.

त्यांनी आरसा मांडीवर ठेवला, मोठ्या आईच्या खांद्यावर हात ठेवला आणि आधीपेक्षाही मोठ्याने म्हणाले, "हळू बोल वं. हा काही मांडव नाई होय."

त्यानंतर कोण कुणाला काय सांगत होतं काही कळेना. मोठी आई माहेरच्या धानाबद्दल काहीतरी बोलायला लागली होती, ते तिच्या ओठांकडे बघत मध्येच काहीतरी भलतंच उत्तर देत होते, आणि तिला ते चालत होतं. बाबा पोस्टमनच्या टोपणनावाचं काहीतरी पाटीवर लिहीत होते. चुलीवरचा चहा उतू गेला आणि तो वास त्यांना आमच्याआधी आला. मी तो उतरवायला धावताना माझा पाय केबलमध्ये अडकला, एक तार सुटली, आणि ती परत जोडली तेव्हा काचेवर पुन्हा काळ्या विटांची रांग उभी होती. ते सांगायला मी वळले, पण काचेकडे कोणाचं लक्षच नव्हतं.